समोरचं टोक

१

आमच्या घरात पांढरी चादर कधी नव्हती. निळ्या होत्या, विटकरी होत्या, एक पिवळी होती जिला दादा 'कावीळ झालेली' म्हणायचा. पांढरी एकही नाही. आई लग्न होऊन विमानतळाच्या क्वार्टरमध्ये आली तेव्हा तिच्या ट्रंकेत कोऱ्या पांढऱ्या चादरींची चवड होती. बाबांनी पहिल्याच आठवड्यात बादलीभर रंग कालवून त्या सगळ्या बुडवल्या. "बायकोचं सामान रंगवून काढणारा माणूस. तेव्हाच ओळखायला हवं होतं मी," असं आई आल्यागेल्याला सांगायची आणि बाबा मान खाली घालून हसायचे. पुढे रंगवण्याचं काम तिनंच स्वतःकडे घेतलं. तिच्या नखांच्या कडा कायम निळसर असायच्या.

कारण साधं होतं. बाबा नगरपालिकेच्या विमानतळावर नोकरीला होते. विमानतळ म्हणजे एक धावपट्टी, एक बैठी इमारत आणि शेजारी नोकरांची क्वार्टरं. रेडिओ फार उशिरा आला. तोवर वैमानिकाला खालची हकीकत कळायची ती धावपट्टीच्या टोकाशी गवतावर अंथरलेल्या पांढऱ्या कापडावरून. एक लांबलचक पट्टा आणि त्याच्या टोकाला आडवा दुसरा, आखूड. कापड अंथरलेलं असेल तर पट्टी मोकळी आहे, खाली या. उचललेलं असेल तर येऊ नका, शेजारच्या गावच्या पट्टीवर जा. घरात आम्ही त्या कापडाला नुसतं 'खूण' म्हणायचो. बाबा सकाळी खूण टाकायचे, संध्याकाळी खूण उचलायचे.

म्हणून क्वार्टरमधल्या कुणीही उघड्यावर पांढरं काही पसरायचं नाही. एकदा गावाबाहेरच्या वसतिगृहानं सगळ्या चादरी धुऊन मैदानात वाळत टाकल्या, तर पिकांवर फवारणी करणारं विमान थेट त्या मैदानात उतरलं. वैमानिक खाली उतरून वॉर्डनबाईंना विचारू लागला, पेट्रोल कुठे मिळेल. वॉर्डनबाई म्हणाल्या, "आधी चादरीवरून चाक काढा." ही गोष्ट बाबा जेवताना सांगायचे. सगळे हसून झाले की शेवटी एक वाक्य जोडायचे, तेही हसत हसतच.

"खुणेला नाव नसतं. वर जो असेल, तो उतरतो."

२

आई गेल्याला महिना होत आला तेव्हा नगरपालिकेच्या अभियंत्यांचा फोन आला. विमानतळ बंद होऊन बरीच वर्षं झाली होती, आता त्या जागेवर मालट्रकांचा तळ होणार होता. त्याआधी विमानतळाच्या इतिहासाची एक लहानशी स्मरणिका काढायचं ठरलं होतं.

"तुम्ही तिथेच वाढलात, शिवाय लिहिता," ते म्हणाले. मग जरा थांबून, "आणि क्वार्टर रिकामं करायला यायचंच आहे ना तुम्हाला."

यायचंच होतं. बाबा गेल्यावर आईनं प्रतीक्षालयात साफसफाईचं काम धरलं. विमानं बंद झाली, काम संपलं, तरी ती त्याच क्वार्टरमध्ये राहिली आणि पालिकेनं तिला कधी ऊठ म्हटलं नाही. मी अनेकदा म्हटलं, आमच्याकडे चल. "इथून पट्टी दिसते," एवढंच म्हणायची. म्हातारपणी माणूस सवयीला चिकटतो, असं मी माझ्या बायकोला सांगायचो. आईशी वाद घालायला हवा होता की तिच्याजवळ जाऊन राहायला हवं होतं, हे आता ठरवून काय उपयोग.

सकाळी मी प्रतीक्षालयात बसून स्मरणिकेसाठी टिपणं काढायचो. तिथला रखवालदार मला दार उघडून द्यायचा. त्याला सगळं गाव कॅप्टन म्हणतं, कारण तो जन्मात कधी विमानात बसलेला नाही. लाकडी बाक अजून होते. माणसांचं वजन करून त्यांना विमानात घेत, तो काटाही होता. गावातल्या बायका चारचौघांत त्या काट्यावर चढायला तयार नसत, म्हणून आईनं त्याच्यासमोर एक पडदा लावला होता. पडद्याची दांडी अजून होती. उद्घाटनाच्या दिवशी विमानाच्या पंख्याच्या वाऱ्यानं नगराध्यक्षांची टोपी उडाली, ती कुंपणापलीकडच्या तळ्यात सापडली. पहिल्या टपालाची थैली वरून टाकली, तीही त्याच तळ्यात पडली.

"तळ्यावरच एक पुस्तक काढा, भाऊ," कॅप्टन म्हणाला. "विमानापेक्षा तिथेच जास्त माल उतरलाय."

दुपारी क्वार्टर आवरायचो. स्वयंपाकघराची खिडकी पट्टीकडे उघडते. तिच्याखाली आईचा स्टूल होता. स्टुलासमोरच्या फरशीवर टाचांनी घासून घासून दोन फिकट डाग पडले होते. मी स्टूल उचलून बाजूला ठेवला, मग पुन्हा होता तिथे ठेवला.

३

दादाबद्दल स्मरणिकेत लिहायचं नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. इथे लिहितो.

दादा माझ्याहून बराच मोठा. गावच्या विमानक्लबात तो शिकत होता आणि दर रविवारी एकटा वर जायचा. उतरण्याआधी घरावरून जाताना क्षणभर इंजिन बंद केल्यासारखं करायचा आणि पुन्हा जोर द्यायचा. आवाज तुटायचा आणि जोडला जायचा. त्याचा अर्थ, आई, चहा टाक. ती टाकायचीही.

बाबांचा एक नियम होता. खुणेपाशी उभं राहिलं की पट्टीच्या दुसऱ्या टोकाचा लाल-पांढरा खांब दिसला पाहिजे. खांब दिसेनासा झाला की खूण उचलायची, मग वर कुणीही असो. त्या रविवारी धूळ उठली आणि खांब दिसेनासा झाला. वर दादा होता.

मी गालगुंडानं आणि तापानं अंथरुणात होतो, कानांभोवती फडकं बांधलेलं. तरी ऐकू आलं. विमान घरावरून खूप खालून गेलं. आवाज तुटला, जोडला गेला. फिरून पुन्हा एकदा आलं, आणि मग वर चढत शेजारच्या गावच्या दिशेनं निघून गेलं. थोड्याच वेळात धूळ बसली. खांब लख्ख दिसू लागला.

दादा शेजारच्या पट्टीवर पोचला नाही. मधे डोंगर आहेत, जंगल आहे. माणसं कितीतरी दिवस शोधत होती. विमानाचा एक तुकडाही सापडला नाही.

बाबांनी नियम पाळला होता. त्यांना कुणी बोल लावला नाही, आईनंही नाही. फक्त कधी वारा सुटून धूळ उठली की ती हातातलं काम थांबवून, कुणाकडेही न बघता म्हणायची, "जरा थांबायला हवं होतं."

बाबा ऐकून घ्यायचे. मी मोठा झालो, लिहायला लागलो, बाबा वारले, तरी मी हेच समजत होतो की ते वाक्य बाबांसाठी आहे.

४

आईच्या शेवटच्या आजारपणात एक सिस्टर दिवसभर तिच्याजवळ असायची. नर्सिंग ब्युरोकडून आलेली, तरुण, बोलकी. तिच्याबरोबर ब्युरोच्या चादरी आल्या होत्या, पांढऱ्या. त्या धुऊन परत करायच्या म्हणून एका दुपारी ती आली. मी आतल्या खोलीत खोकी बांधत होतो. मोरीत पाण्याचा आवाज झाला, मग मागचं दार वाजलं, मग बराच वेळ काही नाही.

मग विमान आलं.

आधी ते विमान आहे हे मनात आलंच नाही. आवाज इतका ओळखीचा होता की मी हातातली सुतळी बांधत राहिलो. तळ्यावरून आला, क्वार्टरच्या मागे गेला, तिथे जरा दबला, वळला. लहानपणी डोळे मिटून मी सांगू शकायचो, विमान आता कुठे आहे. आता ते लांबच्या वळणावर होतं. आता इंजिन मंद होईल.

झालं.

"विमान आहे का हो, काका?" सिस्टर दारात येऊन म्हणाली.

"विमानतळ बंद आहे."

"ते विमानाला माहितेय का?"

"सिस्टर, चादरी कुठे वाळत घातल्या?"

"बाहेर, गवतावर. का? मस्त ऊन आहे. दोरी तुम्हीच सोडलीत ना काल."

मी मागच्या दारानं धावत बाहेर गेलो. पट्टीच्या टोकाशी, जिथे बाबा खूण टाकायचे तिथेच, तिनं चादरी एकापुढे एक अशा ओळीनं पसरल्या होत्या. पुढे काटेरी झुडूप होतं, म्हणून शेवटची आडवी टाकली होती. आकाश अगदी स्वच्छ होतं. त्यात काहीही नव्हतं, पक्षीसुद्धा. आणि आवाज उतरत होता, माझ्या कपाळाच्या उंचीवर आल्यासारखा. चादरींच्या भोवतालचं गवत वाऱ्याशिवाय आडवं झालं होतं.

"उचला," मी म्हणालो. "आधी उचला त्या."

तिनं माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि चादरी गोळा केल्या. शेवटची चादर उचलली तसा इंजिनाला जोर आला. आवाज आमच्या डोक्यावरून, छपरावरून गेला आणि शेजारच्या गावच्या दिशेनं लांबत लांबत संपला. गवत हळूहळू उभं राहिलं.

कॅप्टन फाटकाजवळ खुर्ची टाकून बसला होता. त्यानंही ऐकलं होतं.

"पंप असेल," तो म्हणाला. "तळ्यावर नवीन बसवलाय. इंजिन जुनंच आहे."

पंप असेलही. मी तळ्यापर्यंत जाऊन आलो. पंप होता. त्याच्या खोलीला कुलूप होतं.

५

परत आलो तर सिस्टर पलंगापाशी उभी राहून ओलसर चादर झटकत होती. एक टोक तिनं माझ्या हातात दिलं.

"धरा. एकटीला नीट जमत नाही."

आम्ही टोकं जुळवली, जवळ आलो, तिनं तिची टोकं माझ्या हातात दिली. दुसरी घेतली. घड्या घालताना माणसं आपोआप बोलू लागतात.

"आजींचं चादरींवरून फार असायचं," ती म्हणाली. "चादरी बाहेर घालू द्यायच्या नाहीत, पंख्याखालीच वाळव म्हणायच्या. आणि शेवटी शेवटी तर दिवसभर घडीच. पडल्या पडल्या अंगावरच्या चादरीची टोकं धरायच्या आणि म्हणायच्या, तिकडचं टोक धर. मी पायाशी उभी राहून धरायचे. त्या हात वर करायच्या. त्यांनी उचललं की मीही उचलायचे. की लगेच रडवेल्या."

"का?"

"'तू का उचललंस?' म्हणायच्या. 'मी उचललं तरी तू उचलायचं नाहीस.' आता सांगा, घडी घालायची म्हटली तर..." ती हसली. "मी एकदा म्हटलं, आजी, समोरच्यानं उचललं की आपलं आपोआप उचललं जातं, त्याला मी काय करू? तर म्हणाल्या, 'तेच तर.' आणि तोंड फिरवून घेतलं."

"माझ्याशी कधी बोलली नाही हे."

"तुम्ही रविवारी यायचात ना. रविवारी त्या गप्पच असायच्या."

मी शेवटची घडी तिच्या हातात दिली. ती गेल्यावर स्टुलावर बसून पट्टीकडे पाहत राहिलो. पट्टीवर पालिकेनं खडीचे ढीग टाकले होते. कुठलंही विमान तिथे उतरू शकलं नसतं. हे मी स्वतःला दोनतीनदा सांगितलं, आणि दर वेळी ते पटलं.

६

खूण सापडली ती प्रतीक्षालयाच्या माळ्यावर. अभियंत्यांना स्मरणिकेसाठी तिचा फोटो हवा होता आणि दुसऱ्या दिवशी दुपारी फोटोवाला येणार होता. घडी घातलेल्या कापडाचाही फोटो निघाला असता. पण खूण जागेवर अंथरलेली दिसली तरच वाचणाऱ्याला काही कळेल, असं मी कॅप्टनला सांगितलं. स्वतःलाही तेच सांगितलं.

जाड ताडपत्रीसारखं कापड, चुन्याचे हात देऊन देऊन कडक झालेलं. आम्ही दोघांनी ते ओढत नेलं. आडवा पट्टा सहज पडला. लांब पट्ट्याला मात्र दोन्ही टोकांना माणूस लागला. एकानं धरून उभं राहायचं आणि दुसऱ्यानं ओढत मागे मागे जायचं.

"हे एकट्याचं काम नव्हे," कॅप्टन धापा टाकत म्हणाला. "तुमच्या वडिलांच्या समोर कोण असायचं?"

"क्लार्क असायचा."

"रोज?"

"रोज. रविवार सोडून. रविवारी त्याला सुट्टी."

"मग रविवारी?"

मी टोकावर दगड ठेवत होतो. तो तसाच हातात राहिला.

त्या रविवारी आई माझ्या कपाळावरची ओली पट्टी बदलत होती. बाहेरून बाबांनी हाक मारली. "आलेच हं, छोट्या," म्हणून ती उठली. पट्टी बदलायची राहिली, पाणी डोळ्यांत उतरत होतं म्हणून मला ते आठवतं. मग घरावरून विमान गेलं. परत आली तेव्हा तिच्या पायांना गवताची कुसळं चिकटली होती. ती माझ्या पायाशी बसून एकेक कुसळ काढत राहिली, वाटीत टाकत राहिली. ते दादा उतरायच्या वेळेचं होतं, आणि तिनं चहा टाकला नव्हता. इतकी वर्षं मला त्यातली फक्त पट्टी आठवत होती.

"भाऊ," कॅप्टन म्हणाला, "काय झालं?"

"काही नाही. फोटोवाल्याला फाटकावरून घेऊन या. चुकेल तो."

तो गेला.

७

मी खुणेच्या अलीकडच्या टोकाशी गवतात बसलो. वारा आला तर कापड उडू नये म्हणून दोन्ही कोपरे हातांत धरले. दगड होते, तरी धरले.

ऊन स्वच्छ होतं. पट्टीच्या पलीकडच्या टोकाचा खांब गंजला होता, पण उभा होता, दिसत होता.

आवाज तळ्यावरून आला. ह्या वेळी मला पंप आठवला नाही. क्वार्टरच्या मागे गेला, दबला, वळला. स्वयंपाकघराच्या वर आल्यावर तुटला. मधे एवढी शांतता झाली की मला गवतातल्या किड्यांचा आवाज ऐकू आला. मग जोडला गेला.

आई, चहा टाक.

खुणेला नाव नसतं, हे मला आठवत होतं. ही लकब कुणीही ऐकून उचलू शकतं, हेही माझ्या मनात आलं. वर इतकी वर्षं जो कोणी असेल, त्यानं ती कितीदा ऐकली असेल. तरी मी हललो नाही. मला ते उतरायला हवं होतं. खडीच्या ढिगांवर, माझ्या अंगावर, कुठेही. कोण आहे ते मी नंतर बघितलं असतं.

इंजिन मंद झालं. शेवटचं वळण.

मी खांबाकडे पाहिलं. धूळ नव्हती. त्याच्यामागचं कुंपण दिसत होतं, कुंपणामागची झाडं दिसत होती. खांब मात्र दिसत नव्हता.

आणि समोरचं टोक उचललं गेलं.

वाऱ्यानं उडतं तसं ते उडालं नाही. दोन्ही कोपरे एकदम वर आले, सारख्या उंचीवर, ताणून. दगड गवतात घरंगळले. मग कापडात वारा भरला आणि ते माझ्या आणि समोरच्या टोकाच्या मधे फुगून उभं राहिलं. आई बुटकी होती. कापड जमिनीला लागू नये म्हणून घडी घालताना ती कोपरे डोक्याच्या वर धरायची आणि कापडामागे पूर्ण झाकली जायची. वरच्या कडेला फक्त बोटं दिसायची आणि खाली पावलं.

वरच्या कडेला बोटं होती.

मला सगळं माहीत होतं. सिस्टरनं मला शब्दन् शब्द सांगितलं होतं. मला फक्त बसून राहायचं होतं. हात न उचलता, कोपरे जमिनीला दाबून, एवढंच.

माझे हात वर गेले.

मी ते नेले नाहीत. मी उभा राहिलो, हेही मला कळलं नाही. समोरच्यानं टोक उचललं की आपलं उचललं जातं, हे शिकवावं लागत नाही. मी कापड ताणून धरलं, कोपरे जुळवले आणि पुढे पाऊल टाकलं, कारण समोरूनही पाऊल पडलं होतं. गवत दबल्याचा आवाज येत होता, हलका, एका लयीत. कापड मधे खाली लोंबत आलं. त्याच्या खालच्या कडेपाशी पावलं दिसत होती, घोट्यापर्यंत. घोट्यांना कुसळं होती.

आम्ही जवळ आलो. तिनं तिचे कोपरे माझ्या बोटांवर ठेवले. बोटं ओली होती, कपाळावरची पट्टी पिळल्यासारखी. नखांच्या कडा निळसर होत्या. कापडामागे, अगदी जवळ, कुणीतरी श्वास आत घेतला. माणूस बोलायच्या आधी घेतो तसा.

त्याच वेळी डोक्यावर इंजिनाला जोर आला. आवाज इतका खालून गेला की कापड माझ्या तोंडावर आपटलं. ते बाजूला केलं तेव्हा समोर कुणी नव्हतं. माझ्या हातात खूण होती, मधोमध दुमडलेली, कडेला कड जुळलेली. आवाज वर चढला आणि शेजारच्या गावाकडे निघाला.

मी खूण पुन्हा अंथरायला लागलो. एक टोक टाकून दुसरं ओढलं की पहिलं गोळा होऊन मागून यायचं. मी ह्या टोकाकडून त्या टोकाकडे धावत होतो. दूरचा आवाज ऐकू येत होता तोवर धावत होतो, आणि तो थांबल्यावरही.

खांब लख्ख दिसत होता.

"अहो, एकट्याला नाही जमायचं ते," कॅप्टन लांबून म्हणाला. फोटोवाला त्याच्यामागून येत होता. "थांबा जरा."

८

स्मरणिका निघाली. नगराध्यक्षांची टोपी आहे, तळं आहे, वॉर्डनबाई आहेत. मधल्या पानावर खुणेचा फोटो आहे. कॅप्टननं आणि मी ती पुन्हा अंथरल्यावर काढलेला. छान आलाय, असं अभियंत्यांनी मुद्दाम फोन करून कळवलं. आता तिथे ट्रक उभे असतात. क्वार्टरं पाडली.

मी घरी परत आल्यावर एक पांढरी चादर विकत आणली. बायकोनं भुवया उंचावल्या. आमच्या लग्नापासून तिला माझ्यामुळे रंगीत चादरींची सवय लागली होती.

आम्ही रोज दुपारी गच्चीवर जातो. ती एक टोक धरते, मी एक धरतो. तिला मी एवढंच सांगितलं आहे की मनात येईल तेव्हा उचल, मला आधी कळू देऊ नकोस. सुरुवातीला ती हसायची. "ह्या वयात नवऱ्याबरोबर खेळायला मिळतंय," असं बहिणीला फोनवर सांगायची. एकदा म्हणाली, "जमत नसेल तर सोडून का देत नाहीस? सोडलं की झालं." मी म्हटलं, सोडायचं नाहीये. फक्त उचलायचं नाहीये.

तेव्हापासून ती हसत नाही. कशासाठी, हेही विचारत नाही. चादर अंथरते, माझ्या समोर बसते आणि कुठेतरी दुसरीकडे बघत राहते.

मग ती उचलते, आणि माझे हात वर येतात.